गाठीतील ऑक्सिजनची उणीव दाखवणारे किरणोत्सारी ट्रेसर : शरीरात गेल्यावर त्यांचे काय होते?

अणुरेणू (धागाकर्ती, नाशिक)

कर्करोगावरील किरणोपचाराचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास 'शेक देणे' म्हणतात त्या उपचाराचा, परिणाम गाठीतल्या ऑक्सिजनवर किती अवलंबून असतो, हे रुग्णाच्या नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. क्ष-किरणांमुळे पेशीतल्या डीएनएवर मुक्त मूलके तयार होतात. त्यांच्याशी ऑक्सिजनचा संयोग झाला की ती इजा पक्की होते, आणि ऑक्सिजन नसेल तर पेशीतले गंधकयुक्त रेणू ती बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यामुळे ऑक्सिजनला वंचित असलेल्या पेशी मारण्यासाठी किरणांची अडीच ते तीन पट मात्रा लागते. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. पुढे १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी मानवी फुप्फुसातील गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखवले की, रक्तपुरवठ्यापासून साधारण १५० ते १८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे पेशी मेलेल्याच आढळतात. मेलेला भाग आणि सुस्थितीतला भाग यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यातल्या पेशी जिवंत असतात, पण ऑक्सिजनवाचून तग धरून असतात, आणि उपचारानंतर गाठ पुन्हा वाढण्याचा धोका त्यांच्याकडूनच असतो.

हा पट्टा रुग्णाच्या शरीरात शोधायचा कसा? सुईच्या टोकावरील इलेक्ट्रोडने ऑक्सिजनचा आंशिक दाब थेट मोजता येतो आणि त्या मोजमापांतूनच १० मिलिमीटर पाऱ्याच्या खालची पातळी धोक्याची मानली जाऊ लागली. परंतु सुई मानेतल्या गाठीपर्यंत पोहोचते, मेंदूतल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीत ती सहजी घालता येत नाही, आणि जिथे टोचली तिथलेच कळते. म्हणून शिरेतून देता येईल आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशींतच अडकून राहील, अशा रेणूचा शोध सुरू झाला.

तो रेणू वेगळ्याच कामासाठी आधीपासून तयार होता. २-नायट्रोइमिडॅझोल गटातले मिसोनिडॅझोल हे औषध १९७० च्या दशकात किरणोपचाराचा परिणाम वाढवण्यासाठी वापरून पाहिले जात होते. हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होत असल्यामुळे ते मागे पडले, मात्र ऑक्सिजन नसलेल्या पेशींमध्ये ते चिकटून राहते हे तोवर लक्षात आले होते. त्याच्या रेणूवर फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू (ज्याचे किरण पेट स्कॅनच्या यंत्राला शरीराबाहेरून टिपता येतात) बसवून केलेले फ्लोरोमिसोनिडॅझोल, म्हणजेच एफमिसो, १९८० च्या दशकात पुढे आले आणि या प्रकारच्या ट्रेसरमध्ये, म्हणजे शरीरात माग काढता येणाऱ्या रेणूंमध्ये, सर्वाधिक अभ्यास आजही त्याचाच झालेला आहे.

आता मूळ विषयाकडे येते. एफमिसो शिरेतून दिल्यावर ते कोणत्याही वाहक प्रथिनाची मदत न घेता, निव्वळ विसरणाने (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत), पेशीच्या पटलातून आत शिरते. ऑक्टॅनॉल (तेलासारखा एक द्रव) आणि पाणी यांत त्याची वाटणी अडीचास एक अशी होते, म्हणजे ते ना पुरते तेलकट ना पुरते जलप्रिय. त्यामुळे ते शरीरभर, अगदी मेंदूतसुद्धा, जवळपास सारखे पसरते. पेशीच्या आत नायट्रोरिडक्टेज विकरे (एन्झाइम) त्याच्या नायट्रो गटाला एक इलेक्ट्रॉन देतात. हे सर्व जिवंत पेशींमध्ये घडते, ऑक्सिजन असो वा नसो. फरक यानंतर पडतो. ऑक्सिजन हजर असेल तर तो ते इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, रेणू मूळ रूपात येतो आणि आला तसा बाहेर पडतो. ऑक्सिजन नसेल तर क्षपणाची, म्हणजे इलेक्ट्रॉन घेत जाण्याची, प्रक्रिया पुढे सरकते, हायड्रॉक्सिलअमाइनसारखी क्रियाशील रूपे तयार होतात आणि ती पेशीतल्या मोठ्या रेणूंना कायमची जोडली जातात किंवा ग्लुटाथायोनशी संयोग पावून आतच राहतात. मेलेल्या पेशीत विकरे काम करत नाहीत, म्हणून तिथे ऑक्सिजन शून्य असला तरी ट्रेसर अडकत नाही. आपल्याला मेलेल्या पेशी शोधायच्याच नाहीत, त्यामुळे ही मर्यादा उलट उपयोगाचीच ठरते.

माझे म्हणणे एवढेच की, स्कॅनवरचा उजळ भाग हा ऑक्सिजनच्या अभावाचा फोटो नव्हे. रेणू तिथवर पोहोचला का, आत शिरला का, क्षपण होऊन अडकला का, आणि बाकीच्या शरीरातून तो पुरेसा निघून गेला का, या चारही गोष्टींचा एकत्रित हिशेब त्या रंगात असतो. चौथ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि चित्र बहुधा तिच्यामुळेच फसवे होते.

द्राक्षबाग (दिंडोरी)

ताई, आपण लिहिलेला १५० मायक्रॉनचा मुद्दा मला माझ्या बागेच्या भाषेत असा समजला : ठिबकच्या नळीवर जिथे तोटी आहे तिथे ओल, आणि दोन तोट्यांमध्ये अंतर जास्त पडले की मधली माती कोरडी. गाठीतल्या रक्तवाहिन्या म्हणजे वेड्यावाकड्या टाकलेल्या ठिबकच्या नळ्या, असे म्हणता येईल का?

दुसरा प्रश्न असा की, जुलाबावर आपण सर्रास घेतो ते मेट्रोनिडॅझोलही याच जातीचे औषध आहे का? नावाचा शेवट सारखा दिसतो म्हणून विचारतो. तसे असेल तर त्याच्याच रेणूवर किरणोत्सारी अणू का बसवला नाही?

अणुरेणू

दादा, उपमा चालेल, पण एका ठिकाणी ती अपुरी पडते. जमिनीत पाणी मुरत जाते. गाठीत मात्र वाटेतली प्रत्येक पेशी ऑक्सिजन खर्च करत असते, आणि म्हणूनच तो दीडशे मायक्रॉनच्या आतबाहेर संपतो. पेशींची भूक वाढली की हेच अंतर कमी होते. शिवाय गाठीतल्या काही वाहिन्या अधूनमधून बंद पडतात आणि पुन्हा सुरू होतात, त्यामुळे काही भागांतली उणीव कायमची, तर काही भागांतली तात्पुरती असते.

मेट्रोनिडॅझोल त्याच कुळातले आहे, पण त्यात नायट्रो गट पाचव्या स्थानावर आहे आणि एफमिसोत तो दुसऱ्या स्थानावर आहे. एवढ्याशा बदलाने इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची तयारी बरीच बदलते : पहिला इलेक्ट्रॉन घेण्याचे विभव (ते जितके अधिक उणे, तितके इलेक्ट्रॉन घेणे कठीण) मिसोनिडॅझोलसाठी उणे ३८९ मिलिव्होल्टच्या, तर मेट्रोनिडॅझोलसाठी उणे ४८६ मिलिव्होल्टच्या आसपास आहे. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंकडे इतक्या खालच्या विभवावर इलेक्ट्रॉन देणारी प्रथिने असतात, म्हणून मेट्रोनिडॅझोल त्यांना मारते. आपल्या पेशींकडे तशी सोय नसल्याने त्यांच्यात ते फारसे अडकत नाही. औषध म्हणून हा गुणच आहे, ट्रेसर म्हणून मात्र तो दोष ठरला असता. मात्रेचाही फरक लक्षात घ्यावा. मेट्रोनिडॅझोलची गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. ट्रेसरच्या इंजेक्शनमध्ये त्या रेणूचे वजन काही मायक्रोग्रॅम इतकेच भरते, त्यामुळे मिसोनिडॅझोलचे मज्जातंतूंवरील दुष्परिणाम इथे संभवत नाहीत.

गंगापूर_रोड

माझ्या पत्नीचा पेट स्कॅन दोनदा झालेला आहे, त्या वेळी दिलेले औषध एफडीजी होते असे अहवालावर लिहिलेले आहे. मी निवृत्त अभियंता आहे, त्यामुळे शंका जरा हिशेबी आहेत. एफडीजी साखरेसारखे असते आणि ऑक्सिजन नसलेली पेशी साखर जास्त खाते, असे असेल तर एफडीजीवरूनच ऑक्सिजनची उणीव का कळू नये? आणि एफडीजी दिल्यावर तासाभरात स्कॅन घेतला होता; एफमिसोसाठीही तेवढाच वेळ थांबतात का?

अणुरेणू

काका, पहिली शंका अगदी रास्त आहे. ऑक्सिजन घटला की एचआयएफ नावाचे प्रथिन टिकून राहते आणि त्याच्या प्रभावाने पेशी ग्लुकोज आत घेणारी प्रथिने वाढवते. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले आहे. परंतु कर्कपेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज हावरटपणे घेतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञ वारबुर्ग यांच्या काळापासून माहीत आहे. त्यामुळे एफडीजी उजळले तर पेशी ग्लुकोज जास्त घेते आहे एवढेच कळते, ती का घेते आहे ते कळत नाही. एकाच गाठीचे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवले तर उजळ भाग काही ठिकाणी जुळतात आणि काही ठिकाणी अजिबात जुळत नाहीत.

वेळेचे उत्तर जरा लांबचे आहे. एफडीजीला पेशीत शिरण्यासाठी वाहक मिळतो, आत गेल्यावर हेक्झोकायनेज विकर त्याला फॉस्फेट जोडून अडकवते आणि रक्तातले उरलेले एफडीजी मूत्रपिंडे झपाट्याने काढून टाकतात. म्हणून तासाभरात गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा कित्येक पट उजळ दिसते. एफमिसोच्या बाबतीत यातले काहीच वेगाने घडत नाही. ते सगळीकडे पसरते, थोडेथोडे अडकते आणि उरलेले यकृत व मूत्रपिंडे यांच्यामार्फत सावकाश बाहेर पडते. पहिल्या अर्ध्या तासात घेतलेले चित्र बहुतांशी रक्तपुरवठ्याचेच असते. किंबहुना ज्या भागात रक्त कमी पोहोचते तो ऑक्सिजनवंचित भाग सुरुवातीला उलट अंधारा दिसू शकतो. म्हणून दोन ते चार तास थांबावे लागते, आणि एवढे थांबूनही गाठ व रक्त यांचे गुणोत्तर बहुधा दोनच्या आतच राहते. कोणता भाग ऑक्सिजनवंचित मानायचा याची सीमा अनेक अभ्यासांत १.२ किंवा १.४ इतकी खाली धरलेली आहे. एफडीजीची चित्रे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला एफमिसोचे चित्र फिके आणि धुरकट वाटते, याचे कारण हेच.

मग आणखी का थांबू नये, असे आपण विचारालच. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे. दोन तासांनी मूळच्या ४७ टक्के आणि चार तासांनी २२ टक्के इतकीच किरणोत्सारिता उरते. थांबल्याने फरक अधिक ठळक होतो, पण यंत्राला मिळणारे संकेत घटतात आणि चित्रातला गोंगाट वाढतो. नाशिककरांना हा हिशेब दुसऱ्याही बाजूने लागू होतो : फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रातच तयार करावे लागते, आणि मुंबईहून कसाऱ्याच्या घाटातून शिशाच्या पेटीत ते इथे यायला पॅकिंगपासून चार तास धरले, तर निघताना जेवढी किरणोत्सारिता होती तिचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो. एफडीजी तरीही परवडते, कारण ते मोठ्या प्रमाणात बनते आणि एका खेपेत अनेक रुग्णांना पुरते. क्वचित मागणी असलेल्या ट्रेसरसाठी हे गणित बसवणे अवघड आहे.

किरणोपचारक

मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे धागाकर्तींच्या मांडणीत दोन गोष्टींची भर घालतो.

एफमिसोचा मंदपणा टाळण्यासाठी पुढची पिढी अधिक जलप्रिय बनवण्यात आली. कॅनडात विकसित झालेल्या फाझा या ट्रेसरमध्ये नायट्रोइमिडॅझोलला अरॅबिनोज ही शर्करा जोडलेली आहे. ते रक्तातून लवकर निघून जाते आणि मूत्रावाटे अधिक प्रमाणात बाहेर पडते, त्यामुळे पार्श्वभूमी लवकर फिकी पडते. एचएक्स-४ या ट्रेसरची दिशाही तीच आहे. ईएफ-५ हे ट्रेसर मात्र उलट टोकाचे आहे : ते मेदप्रिय आणि रासायनिकदृष्ट्या टिकाऊ आहे, सगळीकडे समान पसरते, पण रक्तात दीर्घकाळ राहते. रेणू जलप्रिय केला की सफाई सुधारते, पण रक्तवाहिनीपासून दूरच्या पेशींपर्यंत पोहोचणे आणि मेंदूच्या अबाधित रक्तरोधातून (रक्तातले पदार्थ मेंदूत जाण्यापासून अडवणाऱ्या पडद्यातून) आत शिरणे कठीण होते. मेंदूतल्या गाठींसाठी एफमिसोचा वापर टिकून राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

कॉपर-एटीएसएमची गोष्ट निराळी आहे आणि ती मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी त्याचा बराच गाजावाजा झाला होता. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेला हा रेणू विद्युतभाररहित आणि मेदप्रिय असल्याने काही मिनिटांतच पेशीत शिरतो. आत द्विसंयुजी तांब्याचे एकसंयुजी तांब्यात क्षपण होते, ऑक्सिजन असेल तर ते उलटते आणि नसेल तर तांबे सुटे होऊन पेशीत राहते, असा सिद्धांत होता. चित्रे अतिशय ठळक येत आणि थांबावेही लागत नसे. नंतर मात्र असे आढळले की काही प्रकारच्या गाठींत त्याचे वितरण नायट्रोइमिडॅझोलच्या वितरणाशी जुळत नाही. इतकेच नव्हे, तर प्राण्यांतील एका अभ्यासात काही तासांनंतरचे चित्र आणि साध्या तांब्याच्या क्षारातून दिलेल्या तांबे-६४ चे चित्र यांत फारसा फरक दिसला नाही. तांबे-६४ चे अर्धायुष्य १२.७ तासांचे आहे. तेवढ्या वेळात सुटे झालेले तांबे यकृतात जाऊन प्रथिनांना जोडले जाऊन पुन्हा रक्तात येऊ शकते, आणि मग आपण ऑक्सिजन पाहतो आहोत की शरीरातला तांब्याचा व्यवहार, हे सांगता येत नाही. ट्रेसरचा रेणू शरीरात शाबूत राहतो की नाही, याची खात्री करून घेतल्याखेरीज चित्राच्या सुबकतेवर विसंबू नये, असे माझे मत यावरूनच बनले आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाच्या आकाराची. पेट यंत्राची विभेदनक्षमता चार-पाच मिलिमीटरची, आणि ऑक्सिजन शंभर-दीडशे मायक्रॉनमध्ये बदलतो. म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात भरल्या रक्ताच्या, उपाशी आणि मेलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या पेशींची सरासरी येते. निम्म्या पेशी मेलेल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक ऑक्सिजनवंचित असल्या, तरी तो ठिपका मध्यम उजळच दिसेल. काही संशोधक त्यामुळे एकाच क्षणाच्या चित्राऐवजी सलग चित्रे घेऊन, रक्तातून ऊतीत येणे, परत जाणे आणि अडकणे यांचे वेग गणिताने वेगळे काढतात. पद्धत तत्त्वतः अधिक प्रामाणिक आहे. मात्र गाठीने ग्रासलेल्या रुग्णाला इतका वेळ यंत्रात निश्चल पडून राहायला सांगणे सोपे नाही.

पंचवटीकर

चर्चा वाचून मन थोडे अस्वस्थ झाले आहे. माझ्या मामांना गालाचा कर्करोग आहे, आयुष्यभर तंबाखू आणि विडी दोन्ही होते. पुढच्या आठवड्यापासून शेक सुरू होणार आहे. त्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे. आम्ही डॉक्टरांकडे या तपासणीचा आग्रह धरावा का? ती न केल्याने उपचारात काही कमी राहील का?

किरणोपचारक

आपल्या मामांच्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली नसेल तर त्यात त्यांची कोणतीही हयगय नाही. ऑक्सिजन दाखवणारा पेट स्कॅन आजही प्रामुख्याने संशोधनातच वापरला जातो आणि तो झाला नाही म्हणून शेक लांबणीवर टाकू नये. तोंडाच्या कर्करोगात झालेला विलंब हेच मोठे नुकसान असते.

संशोधनात त्याचे महत्त्व कुठे आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. टिरापॅझामिन हे ऑक्सिजनवंचित पेशींना मारणारे औषध डोके व मान यांच्या कर्करोगात वापरून पाहताना ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ४५ रुग्णांचे एफमिसो स्कॅन केले होते. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मूळ गाठीत ऑक्सिजनची उणीव दिसली होती, त्यांपैकी नेहमीची केमोथेरपी मिळालेल्या १३ जणांपैकी ८ जणांमध्ये त्या भागात रोग परतला, तर टिरापॅझामिन मिळालेल्या १९ जणांपैकी एकाच्याच बाबतीत तसे झाले. पुढे ८६१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, जिथे रुग्ण स्कॅनवरून निवडलेले नव्हते, या औषधाचा काहीही फायदा दिसला नाही. निवड न केल्यामुळे फायदा झाकला गेला, असे अनेकांचे मत आहे. त्या चाचणीत काही केंद्रांवरील किरणोपचाराचा दर्जा कमी पडला होता हेही नंतर दाखवून देण्यात आले, म्हणून मी एकाच कारणावर बोट ठेवणार नाही. डेन्मार्कमध्ये निमोरॅझोल हे याच कुळातले औषध शेकाच्या जोडीला नियमित दिले जाते, तेही प्रत्येक रुग्णाचा स्कॅन न करता.

हिमोग्लोबिनविषयी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे. ते कमी असले की गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी जातो हे खरे, पण ते औषधाने वाढवले की सर्व सुरळीत होते असेही नाही : २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शेकासोबत एरिथ्रोपोएटिन (हिमोग्लोबिन वाढवणारे औषध) मिळालेल्या रुग्णांमध्ये रोगावरचे नियंत्रण उलट कमी आढळले. त्यामुळे ओळखीच्या कोणी सुचवले म्हणून अशी इंजेक्शने परस्पर घेऊ नयेत. विडी मात्र आजच बंद करावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनची जागा अडवतो, आणि शेक चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांना उपचाराचा लाभ कमी मिळतो हे अभ्यासांत दिसलेले आहे.

पंचवटीकर

डॉक्टर, मनापासून आभार. विडीचे मामांना आपला प्रतिसाद दाखवूनच सांगतो.

गंगापूर_रोड

एक शेवटची शंका. मेट्रोनिडॅझोल ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूंमध्ये क्षपण पावते असे वर आले आहे. मोठ्या आतड्यात तर असे जिवाणू अगणित असतात. मग तिथेही एफमिसो अडकून आतडे उजळणार नाही का? आणि इतका वेळ शरीरात राहणाऱ्या पदार्थाची किरणमात्रा कोणत्या अवयवाला सर्वांत जास्त मिळते?

अणुरेणू

काका, आतडे उजळतेच. यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरलेला भाग आणि तिथल्या जिवाणूंनी क्षपण करून अडकवलेला भाग, अशी दुहेरी भर पडते. यकृतही बरेच उजळ दिसते, कारण तिथे या रेणूचे विघटन चालते, शिवाय मध्यवर्ती शिरांजवळच्या यकृतपेशींना मुळातच ऑक्सिजन कमी मिळत असतो. त्यामुळे यकृतातल्या गाठींसाठी हा ट्रेसर फारसा कामाचा नाही, आणि गुदाशयाच्या कर्करोगात शेजारच्या आतड्यातला उजेड गाठीच्या खात्यात जमा होण्याची भीती असते. मान, फुप्फुस आणि मेंदू या भागांतच त्याचा अभ्यास जास्त का झाला, हे यावरून कळेल.

मात्रेबद्दल सांगायचे तर एफमिसोमुळे एका मेगाबेकरेलमागे (मेगाबेकरेल हे दिलेल्या किरणोत्सारितेचे एकक) सुमारे ०.०१३ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) इतकी परिणामी मात्रा मिळते. ३७० मेगाबेकरेल दिले तर ती पाच मिलिसिव्हर्टच्या थोडी खाली येते, म्हणजे निसर्गतः दोन वर्षांत मिळणाऱ्या मात्रेइतकी. सर्वाधिक वाटा मूत्राशयाच्या भिंतीला मिळतो, म्हणून रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि स्कॅनच्या आधी व नंतर वारंवार लघवीला जायला सांगतात. फाझासारखे जलप्रिय ट्रेसर मूत्रावाटे अधिक जात असल्याने त्यांच्या चित्रात मूत्राशय आणखीच उजळ असते, आणि गर्भाशयमुखाच्या गाठीची कड त्या उजेडापासून वेगळी काढताना अहवाल लिहिणाऱ्याची कसोटी लागते. तिथे स्कॅनच्या अगदी आधी मूत्राशय रिकामे करून घेणे, आणि गरज पडल्यास नळी घालणे, हाच व्यवहारातला उपाय आहे.